रिपोर्ट पाठवायचा की थांबवायचा? लॅब मॅनेजर होऊ पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या आणि पुढे लॅब सांभाळू इच्छिणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं देताना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणची, दिवसाला पन्नास ते तीनशे पेशंट येणारी खासगी लॅब डोळ्यांसमोर ठेवली आहे. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : बी.एस्सी. (मायक्रोबायोलॉजी) नंतर डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) केलं. सहा वर्षं एकाच लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री सांभाळतो आहे. आमचे डॉक्टर नवी शाखा काढणार आहेत आणि तिथे मला मॅनेजर करायचं म्हणतात. आधी एमबीए करू की एम.एस्सी.? (सातारा)

इतक्यात दोन्ही नको. सहा वर्षं एकाच टेबलावर गेली असतील, तर हातातली पहिली उणीव इतर विभागांची आहे. हिमॅटॉलॉजीत (रक्तपेशींच्या तपासणीत) स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, कसा करतात, सेल काउंटर प्लेटलेट कमी दाखवतो तेव्हा स्मिअरवर गठ्ठे का शोधायचे, युरिन कल्चरचा नमुना दोन तासांत का लावायचा किंवा फ्रिजमध्ये का ठेवायचा, हे स्वतः केल्याशिवाय दुसऱ्याकडून नीट करून घेता येत नाही. नवी शाखा सुरू होईपर्यंत प्रत्येक विभागात सलग काही आठवडे बसवा, अशी मागणी डॉक्टरांकडे करा. रक्त काढण्याच्या खुर्चीपाशी आणि रिसेप्शनवरही बसा. तक्रारी मशीनपेक्षा याच दोन ठिकाणी जास्त जन्माला येतात.

यानंतर आयएसओ १५१८९ (वैद्यकीय लॅबच्या गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय मानक) आणि अंतर्गत ऑडिटचं चार-पाच दिवसांचं प्रशिक्षण घ्या. मॅनेजरच्या रोजच्या कामाला याचा जितका उपयोग होतो तितका दोन वर्षांच्या पदवीचाही होत नाही. महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी नसेल तर तीही करून टाका. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने मेडिकल लॅबोरेटरी सायन्स हा व्यवसाय राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणला आहे, त्यामुळे नोंदणीशिवाय पुढे जाण्याच्या वाटा कमीच होत जाणार.

पदवीचा विचार दोन-तीन वर्षांनी करा. तांत्रिक बाजूला राहायचं असेल तर एम.एस्सी. मोठ्या रुग्णालयात किंवा साखळी लॅबमध्ये अनेक शाखांचा कारभार बघायचा असेल तर हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतला असा अभ्यासक्रम सर्वांना माहीत आहे, पुण्यातही पर्याय आहेत.

पगाराची बोलणी करताना एक गोष्ट मात्र लेखी मागा. क्वालिटी कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना लावून केलेली मशीनची तपासणी) बसलेला नसेल किंवा नमुना खराब असेल, तर रिपोर्ट थांबवण्याचा अधिकार तुमच्याकडे असेल, हे नेमणूकपत्रात किंवा जबाबदारीच्या कागदावर यायला हवं. हा अधिकार नसलेला मॅनेजर म्हणजे रजा मंजूर करणारा आणि रिएजंट (चाचणीची रसायनं) मागवणारा कारकून. पुढची बरीचशी उत्तरं या एका अधिकाराभोवतीच फिरतात.

प्रश्न : डीएमएलटीवाल्याला स्वतःच्या नावावर लॅब काढून रिपोर्टवर सही करता येते का? प्रत्येक जण वेगळं सांगतो. (नांदेड)

सही करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी गुजरातच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही लागते. तंत्रज्ञाने 'चाचणी केली' म्हणून सही करणं वेगळं आणि रिपोर्ट प्रमाणित करणं वेगळं.

मग काही जण डॉक्टरची स्कॅन केलेली सही कॉम्प्युटरमध्ये घालून ठेवतात. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, किंवा येतही नाहीत. या फंदात अजिबात पडू नका. उद्या एखाद्या रिपोर्टवरून वाद झाला, तर लॉग-इन कोणाचं होतं आणि डॉक्टर त्या वेळी कुठे होते, हे सहज उघड होतं, आणि त्यात तंत्रज्ञही सापडतो. डॉक्टरबरोबर रीतसर भागीदारी करा, किंवा त्यांच्या लॅबचं व्यवस्थापन घ्या. तुमचं शिक्षण त्या कामाला पुरेसं आहे आणि त्यात कमीपणाही नाही.

प्रश्न : सकाळी कंट्रोल लावला की अनेकदा बाहेर जातो. आमचे सीनियर तोच कंट्रोल पुन्हा लावतात, तिसऱ्यांदा लावतात, आणि आत आला की पेशंट सुरू. साडेनऊला वॉर्डातून फोन सुरू होतात, म्हणून कोणी काही बोलत नाही. हे बरोबर आहे का? (कोल्हापूर)

बरोबर नाही. पण सीनियरना नुसतं चुकीचं ठरवून ही सवय जाणार नाही, म्हणून ती लागते कशी हे आधी पाहू.

बऱ्याच लॅबमध्ये कंट्रोल सरासरीपासून दोन एसडीच्या (एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकड्यांच्या नेहमीच्या चढउताराचं माप) बाहेर गेला की 'फेल' धरतात. रोज दोन पातळ्यांचे कंट्रोल लावले, तर मशीन अगदी ठणठणीत असतानाही साधारण ९ टक्के वेळा दोनांपैकी एक तरी दोन एसडीच्या बाहेर पडतोच. तो निव्वळ योगायोग असतो. वीस चाचण्या लावणाऱ्या लॅबमध्ये म्हणजे रोज एक-दोन खोटे गजर. पुन्हा लावला की आत येतो, आणि माणूस शिकतो की पुन्हा लावणं हाच उपाय. मग ज्या दिवशी खरंच बिघाड असतो, त्या दिवशीही तो तेच करतो.

यावर वेस्टगार्डचे नियम आहेत. वन-टू-एस, म्हणजे एक कंट्रोल दोन एसडीच्या बाहेर, ही फक्त सूचना समजायची. वन-थ्री-एस, म्हणजे एक कंट्रोल तीन एसडीच्या बाहेर, झाला तर काम थांबवायचं. टू-टू-एस, म्हणजे दोन निकाल एकाच बाजूला दोन एसडीच्या बाहेर, तेव्हाही थांबवायचं. आर-फोर-एस, म्हणजे एक पातळी वर आणि दुसरी खाली, दोघांत चार एसडीपेक्षा जास्त अंतर, हाही थांबा. फोर-वन-एस (सलग चार निकाल एकाच बाजूला एक एसडीच्या बाहेर) आणि टेन-एक्स (सलग दहा निकाल सरासरीच्या एकाच बाजूला) हे नियम हळूहळू सरकणारी चूक पकडतात.

एक उदाहरण बघा. ग्लुकोजच्या पहिल्या पातळीची सरासरी ९२ आणि एसडी २.५. दुसरीची सरासरी २८०, एसडी ७. आज आकडे आले ९८ आणि २९६. पहिला +२.४ एसडी, दुसरा जवळपास +२.३. एकेकटे पाहिले तर 'थोडे बाहेर' वाटतात आणि पुन्हा लावले तर एखादा आतही येईल. पण दोन्ही एकाच बाजूला आहेत, म्हणजे टू-टू-एस. हा योगायोग नाही. आजचे सगळे पेशंट जवळपास सहा टक्के वर जाणार आहेत. उपाशीपोटी ११९ असलेला माणूस १२६ वर जाईल आणि त्याच्या नावापुढे मधुमेह लागेल.

आता बिघाड शोधायचा कसा? एकदम कॅलिब्रेशनकडे (मशीनचं मोजमाप प्रमाणित द्रावणाने पुन्हा जुळवण्याकडे) धावू नका. आधी आकड्यांची ठेवण बघा.

एकच पातळी, पण तिच्यातल्या सगळ्याच चाचण्या वर गेल्या असतील तर कंट्रोलच्या बाटलीवर संशय घ्या. पावडर स्वरूपातल्या कंट्रोलमध्ये पाच मि.लि. पाणी घालायचं असतं. कोणी अंदाजाने ४.८ घातलं तर सगळंच चार टक्क्यांनी वर जातं. पाणी व्हॉल्यूमेट्रिक (एकच नेमकं माप काढणाऱ्या) पिपेटने घाला, बाटली झाकून अर्धा तास ठेवा, हलकेच फिरवा, खळखळून हलवू नका. उघडल्याची तारीख आणि वेळ बाटलीवर लिहा. 'परवा उघडली असावी' असं चालत नाही.

एकच चाचणी आणि दोन्ही पातळ्यांना सरकली असेल तर रिएजंट किंवा कॅलिब्रेशन. लॉट बदलला का, रिएजंट मशीनवर किती दिवस उघडा आहे, रात्री मशीनचं कूलिंग बंद पडलं होतं का, हे बघा.

दोन्ही पातळ्या आणि बऱ्याच चाचण्या हलल्या असतील तर मशीन. त्यातही एसजीपीटी, एसजीओटी अशा ३४० नॅनोमीटरवर, म्हणजे अतिनील प्रकाशात, मोजल्या जाणाऱ्या चाचण्या आधी बिघडल्या असतील, तर दिवा म्हातारा झालाय. हॅलोजन दिव्याचा प्रकाश या टोकालाच सगळ्यात कमी असतो, म्हणून दुखणं तिथे आधी दिसतं. पाण्याचा प्लांटही तपासा. रिएजंट ग्रेड पाण्याचा रोध किमान १० मेगाओहम-सेंमी हवा. मीटर लावलेला असतो, पण आकडा कोणी लिहून ठेवत नाही.

आणि आर-फोर-एस झाला असेल तर कॅलिब्रेशन करून काही होणार नाही. तिथे बुडबुडा, प्रोबमधला गुठळीचा तुकडा, अपुरा नमुना किंवा विजेचा चढउतार असतो.

कारण सापडून दुरुस्ती झाली की कंट्रोल पुन्हा लावा, आणि मग सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम करा. शेवटचा चांगला कंट्रोल आणि आजचा फेल यांच्या मधल्या काळात गेलेले पेशंट मागे जाऊन पाहा. शेवटच्या काही नमुन्यांची ती चाचणी पुन्हा लावा. फरक पडला तर आणखी मागे जा आणि दुरुस्त रिपोर्ट पाठवा. काय झालं, काय केलं, कोणी केलं, हे चार ओळींत नोंदवा.

साडेनऊच्या फोनांचं काय? त्यावरचा उपाय घड्याळात आहे. कंट्रोल आठला लावत असाल तर सव्वासहाला लावा, त्यासाठी एका तंत्रज्ञाची ड्युटी सहाची करा. बिघाड निघालाच तर दुरुस्तीला दोन तास मिळतात. शिवाय तातडीचे नमुने पाठवायला दुसरी लॅब आधीच ठरवून ठेवा. 'ग्लुकोजचा रिपोर्ट अकरापर्यंत येईल, मशीनची तपासणी चालू आहे' असं वॉर्डाला आपणहून कळवलं, तर डॉक्टर सहसा समजून घेतात. ते चिडतात ते फोन केल्यावर 'होतंय, होतंय' ऐकून.

प्रश्न : आमची मुख्य लॅब शहरात आणि पाच कलेक्शन सेंटर आसपासच्या गावांत आहेत. दोन सेंटरांच्या नमुन्यांत पोटॅशियम वरचेवर ६ च्या पुढे येतं. पेशंट मात्र चालत-बोलत असतो. डॉक्टर म्हणतात तुमचं मशीन खराब आहे. मुख्य लॅबच्या पेशंटना असं होत नाही. (रत्नागिरी)

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. तेच मशीन मुख्य लॅबच्या पेशंटना बरोबर मोजतं, म्हणजे बिघाड नमुना मशीनवर येण्याआधी झालेला आहे.

पोटॅशियम लाल पेशींच्या आत भरपूर आणि बाहेर थोडं असतं. ते बाहेर झिरपून किंवा बाहेरून मिसळून आकडा खोटा वाढायला चार वाटा आहेत आणि त्या एकेक करून तपासता येतात.

पहिली म्हणजे थंडी. तुमची सेंटरं बहुधा सेंट्रिफ्यूजमध्ये (पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात) न फिरवलेलं रक्त आइसपॅकवर ठेवून पाठवत असतील. थंडीने पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम सिरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) उतरतं. नमुना लाल दिसत नाही, त्यामुळे हेमोलिसिसची (लाल पेशी फुटल्याची) शंकाही येत नाही. 'थंड ठेवलं म्हणजे चांगलं ठेवलं' हा समज रक्त वेगळं केल्यानंतर खरा, त्याआधी नाही.

दुसरी वाट हेमोलिसिसची. बारीक सुई, सिरिंजचा दांडा जोरात ओढणं, आणि मग सुई न काढता जोर लावून ट्यूबमध्ये रक्त भरणं. स्पिरिट वाळायच्या आत सुई घालणं. ट्यूब उलटसुलट करण्याऐवजी झटकणं.

तिसरी, दंडाला पट्टा बांधून ठेवणं आणि पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावणं. पट्टा एका मिनिटाच्या वर नको आणि मूठ चालवायला सांगायचीच नाही.

चौथी सगळ्यात फसवी आहे. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पोटॅशियमचं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं. ती आधी भरली आणि तीच सुई लाल ट्यूबला लागली, किंवा लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं ओतलं, तर पोटॅशियम वर जातं आणि कॅल्शियम कोसळतं. म्हणून पोटॅशियम जास्त आलं की त्याच नमुन्यातलं कॅल्शियम लावून बघा. पोटॅशियम ७.८ आणि कॅल्शियम ४ असेल, तर आधी ईडीटीए मिसळल्याचा संशय घ्या. अल्कलाइन फॉस्फटेजही पडलेलं असेल. ट्यूबांचा क्रम भिंतीवर चिकटवा: ब्लड कल्चर, फिकट निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, राखाडी. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरायचीच, कारण सायट्रेट आणि रक्ताचं प्रमाण एकास नऊ असतं. अर्धी भरली तर पीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाची चाचणी) खोटा लांबतो.

आता करायचं काय. प्रत्येक सेंटरला आठ ट्यूबचा छोटा सेंट्रिफ्यूज द्या. जेल ट्यूब (फिरवल्यावर जेलचा थर पेशी आणि सिरम यांच्या मध्ये बसतो) उभी ठेवून अर्धा तास रक्त गोठू द्यायचं, मग साधारण १५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोराने) दहा मिनिटं फिरवायचं. त्यासाठी आरपीएम (मिनिटाला फेरे) किती लावायचं हे रोटरच्या त्रिज्येवर ठरतं, म्हणून दुसऱ्या सेंटरचा आकडा उचलू नका. रक्त काढल्यापासून दोन तासांत सिरम वेगळं झालं पाहिजे. फिरवलेली जेल ट्यूब मुख्य लॅबमध्ये परत फिरवायची नाही. जेलखाली अडकलेलं पोटॅशियमवालं सिरम वर येतं आणि सगळी मेहनत वाया जाते. ही चूक मुख्य लॅबमध्येच होते, सेंटरला दोष देण्याआधी तीही तपासा.

सेंट्रिफ्यूज बसवल्यावर मोजमाप ठेवा. परत केलेल्या नमुन्यांची नोंद सेंटरवार आणि रक्त काढणाऱ्यावार काढा: हेमोलिसिस, अपुरा, चुकीची ट्यूब, नाव नाही. महिन्याअखेर तक्ता समोर ठेवलात की पाचांपैकी एखाद्या माणसालाच शिकवायची गरज आहे असं बहुधा दिसेल. सरसकट सगळ्यांना ओरडून काही निष्पन्न होत नाही.

राहिला रिपोर्टचा प्रश्न. हेमोलिसिस असेल तर पोटॅशियम, एलडीएच, एसजीओटी एवढ्या चाचण्या थांबवा आणि नवा नमुना मागवा, संपूर्ण रिपोर्ट अडवू नका. 'हेमोलाइज्ड नमुना' असं तळटिपेत लिहून ६.९ हा आकडा पाठवणं अयोग्य आहे. रात्रीच्या ड्युटीवरचा डॉक्टर तळटीप वाचेलच असं नाही. पण नमुना नीट असेल आणि पोटॅशियम खरंच ६.९ असेल, तर रिपोर्ट छापून येण्याची वाट न पाहता डॉक्टरला फोन करा, आकडा त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या, वेळ आणि नाव नोंदवा. मुख्य लॅबच्या टेबलावर अशा धोक्याच्या आकड्यांची यादी हवी, आणि ती तुमच्या पॅथॉलॉजिस्टनी संबंधित डॉक्टरांशी बोलून ठरवलेली हवी.

प्रश्न : एक कंपनी हॉर्मोनचं मशीन फुकट बसवून देते आहे, फक्त रिएजंट त्यांचेच घ्यायचे. शंभर टेस्टचा टीएसएचचा (थायरॉइडच्या चाचणीचा) किट बारा हजारांना. म्हणजे एक टेस्ट १२० ला पडते. आम्ही बाहेर पाठवतो तेव्हा १६० पडतात. घ्यावं का? (जालना)

१२० हा किटचा भाव आहे, तुमच्या रिपोर्टचा नाही. हिशेब असा मांडा. समजा दिवसाला सहा टीएसएच, महिन्याला २५ दिवस. पेशंटच्या टेस्ट १५०. रोज दोन कंट्रोल म्हणजे ५०. कॅलिब्रेशनला ८ आणि पुन्हा लावलेल्या ६ धरा. एकूण २१४ टेस्ट खर्च झाल्या. २१४ गुणिले १२० म्हणजे २५,६८० रुपये, भागिले १५०. एक रिपोर्ट १७१ रुपयांना पडला. यात कंट्रोलची बाटली, वॉश सोल्युशन, क्युवेट, वीज आणि माणूस धरलेला नाही.

दुसरं उदाहरण आणखी बोलकं आहे. महिन्याला दहाच पेशंट असलेली एखादी चाचणी घ्या. त्याच भावाचा किट, मशीनवर उघडल्यावर २८ दिवस टिकणारा. आठवड्यातून दोनदा लावली तर १६ कंट्रोल, ४ कॅलिब्रेशन, १० पेशंट. सत्तर टेस्ट फेकून द्याव्या लागतात आणि एक रिपोर्ट बाराशे रुपयांना पडतो. अशा चाचण्या बिनदिक्कत बाहेर पाठवा. कंट्रोल वाचवून खर्च कमी करायचा विचार मनात आणू नका. सगळ्यात आधी कात्री तिथेच लागते, आणि ती पेशंटला लागते.

टीएसएच दिवसाला पंधरावर गेलं की गणित बदलतं, तेव्हा तुमच्या रजिस्टरमधून गेल्या सहा महिन्यांचे खरे आकडे काढा, विक्री प्रतिनिधीचा अंदाज धरू नका. करारात हे वाचा: महिन्याला किमान किती रिएजंट घ्यावाच लागेल, ती अट किती वर्षं, भाव दरवर्षी किती वाढणार, बंद पडल्यावर इंजिनियर किती तासांत येणार आणि तोवरचे नमुने कोणाच्या खर्चाने बाहेर जाणार, यूपीएस आणि कॉम्प्युटरला जोडणीचा खर्च कोणाचा. तोंडी सांगितलेलं सगळं लिहून घ्या. मशीन आल्यावर लगेच पेशंट लावू नका. पाच दिवस रोज कंट्रोल अनेकदा लावून अचूकता बघा, किमान वीस नमुने जुन्या ठिकाणच्या निकालांशी ताडून पाहा, आणि मग पॅथॉलॉजिस्टची सही घेऊन सुरू करा.

प्रश्न : मालक म्हणतात एनएबीएल (लॅबची राष्ट्रीय मान्यता) घ्यायचं. लॅबमध्ये सात माणसं. कागदपत्रांसाठी कन्सल्टंट नेमायचा म्हणतात. (अहिल्यानगर)

कन्सल्टंटने आणलेले तयार कागद दुसऱ्याच लॅबचे असतात. तपासनीस तुमच्या तंत्रज्ञाला विचारतो, 'रेफ्रिजरेटर ९ अंशांवर दिसला तर तू काय करतोस?' फाइलमध्ये इंग्रजीत सुंदर उत्तर असतं आणि समोरच्याला ते माहीत नसतं. कार्यपद्धती तुमच्याच माणसांकडून लिहून घ्या, मराठीत लिहिली तरी कामाची. कन्सल्टंट घ्या तो चुका दाखवायला.

सुरुवात कागदांनी करू नका. आधी बाहेरच्या गुणवत्ता तुलनेत नाव घाला. बायोकेमिस्ट्रीसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा आणि हिमॅटॉलॉजीसाठी दिल्लीच्या एम्सचा कार्यक्रम आहे. त्यांचे नमुने पेशंटसारखेच लावायचे, खास माणसाने दोनदा लावून सरासरी पाठवायची नाही. तुमचा झेड-स्कोअर (इतर लॅबच्या सरासरीपासून तुमचा आकडा किती एसडी दूर) दोनच्या आत असेल तर ठीक, तीनच्या बाहेर गेला तर कारण शोधून लिहायचं. सोबत फ्रिज आणि खोलीचं तापमान सकाळ-संध्याकाळ, पिपेटचं आणि थर्मामीटरचं कॅलिब्रेशन, प्रत्येक तंत्रज्ञाची क्षमता-तपासणी. मग एकदा पूर्ण अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापनाची आढावा बैठक, आणि त्यानंतर अर्ज. आयएसओ १५१८९ या मानकाची २०२२ ची आवृत्ती वापरा. तिच्यात जोखमीच्या विचारावर बराच भर आहे: चूक कुठे होऊ शकते, झाली तर पेशंटला काय होईल. तपासनिसाला थर्मामीटरचे सलग तीन महिने एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात भरलेले आकडे दिसले की तो ओळखतो. रिकामी जागा रिकामीच ठेवा, खाली कारण लिहा.

प्रश्न : जैविक कचऱ्यासाठी आमच्याकडे सगळ्यात हायपोक्लोराइट ओततात, मग ऑटोक्लेव्हही करतात. खूप वास येतो. (पनवेल)

हायपोक्लोराइट घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. वास त्याचाच आहे. दोन्हींपैकी एकच पद्धत. कल्चर प्लेट आणि रक्ताचे नमुने ऑटोक्लेव्ह करा, सांडलेल्या रक्तावर एक टक्का हायपोक्लोराइट वापरा. बाजारातलं द्रावण पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावणाला चार भाग पाणी. रोज ताजं करायचं, कॅन उन्हात ठेवायचा नाही. सांडल्यावर आधी शोषक कागद, मग द्रावण, वीस-तीस मिनिटं थांबा, काच असेल तर चिमट्याने.

२०१६ च्या नियमांप्रमाणे प्लास्टिक ट्यूब, टिप आणि सुई नसलेली सिरिंज लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काचेच्या स्लाइड निळ्यात, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्यात. ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाला वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत द्यायचा असतो.

सुई टोचली तर जखम पिळू नका, साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, आणि लगेच जवळच्या एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचाराच्या) केंद्राशी किंवा सरकारी रुग्णालयाशी संपर्क साधा. एचआयव्हीचा प्रतिबंधक उपचार शक्यतो दोन तासांत सुरू व्हावा, ७२ तासांनंतर उपयोग नसतो. त्या केंद्राचा नंबर कलेक्शनच्या खोलीत दिसेल असा लावा. कामावर घेतानाच हिपॅटायटिस बीची लस द्या: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी तपासा, १० च्या वर हवी.

प्रश्न : डॉक्टरांना कट दिल्याशिवाय पेशंट येत नाहीत असं मालक म्हणतात आणि त्याचा हिशेब मॅनेजर म्हणून मलाच ठेवायला सांगतात. (नाशिक)

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणं आणि देणं दोन्हीला मनाई करतात. तो हिशेब तुमच्या हस्ताक्षरात नको, एवढं स्पष्ट सांगा. कटाचे पैसे येतात कुठून, तर पेशंटच्या बिलातून आणि वगळलेल्या कंट्रोलमधून. मालकाशी बोलताना याच गोष्टी आकड्यांत दाखवा: कटावर जाणारी रक्कम आणि तेवढ्यात येणारा दुसरा तंत्रज्ञ, लवकरची ड्युटी, घरून नमुना आणायची सोय. धोक्याच्या आकड्याचा फोन दहा मिनिटांत करणारी लॅब डॉक्टरांच्या लक्षात राहते. मालक ऐकत नसतील तर दुसरी नोकरी शोधायला लागा. तुमच्या कामाला मागणी आहे.

प्रश्न : दुबईत किंवा सौदीत लॅबमध्ये जायचंय. अनुभव पाच वर्षं. (चिपळूण)

दोन्हीकडे तिथल्या आरोग्य नियामक संस्थेचा परवाना लागतो, त्यासाठी डेटाफ्लो या कंपनीमार्फत कागदांची पडताळणी आणि कॉम्प्युटरवरची परीक्षा असते. नुसत्या डीएमएलटीपेक्षा पदवी असलेल्याला वरची श्रेणी मिळते. अमेरिकेतल्या एएससीपी संस्थेचं एएससीपीआय हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असेल तर अर्ज वजनदार होतो. पडताळणी सगळ्यात जास्त अडते ती अनुभवाच्या दाखल्यावर. लेटरहेड, जावक क्रमांक, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, कोणकोणत्या विभागांत काम केलं, आणि सही करणाऱ्याचा चालू असलेला ईमेल, हे सगळं त्यावर हवं. जुन्या लॅबचे डॉक्टर तिथे आहेत तोवर हा दाखला घेऊन ठेवा.